बोगद्याची नाडीपरीक्षा



साहित्य, इतिहास, राजकारण हे विषय ऐकावयास आपण ज्या उत्साहाने जमता, त्याच उत्साहाने आज बोगद्यांसारख्या दगडमातीच्या विषयालाही जमलात, याबद्दल प्रथम मी आपले आभार मानतो. बोगदा खणला जात असताना आणि पुढे तो वापरात आल्यावर, तो भक्कम आहे की नाही हे कसे ओळखतात, एवढाच आजचा विषय आहे. हा इंजिनियरांचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, आपल्यापैकी बहुतेक जण बोगद्यांतून प्रवास करतात, आणि काही जण तर बोगद्यांच्या डोक्यावर राहतात.

मुंबईहून पुण्यास रेल्वेने येणारा प्रवासी १८६३ सालापासून बोरघाटातील बोगद्यांतून येत आहे. ठाण्यापलीकडचा पारसिकचा बोगदा १९१६ सालचा. कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे असून त्यांची एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरते. त्यांतला रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटा बोगदाच साडेसहा किलोमीटरांचा आहे. हे झाले डोंगरातले बोगदे. आता तर बोगदा आपल्या घराखाली आला आहे. पुण्यात सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो मुठेच्या पात्राखालून आणि जुन्या पेठांच्या पोटातून स्वारगेटपर्यंत धावू लागली. मुंबईत आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरांची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. ती गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींखालून जाते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातील सिल्क्यारा येथे बोगद्याचा एक भाग ढासळून ४१ मजूर आत अडकले, हे आपल्या स्मरणात असेल. सतरा दिवस सारा देश त्या बोगद्याच्या तोंडाशी कान लावून बसला होता. ते सर्व सुखरूप बाहेर आले, आपण सुटकेचा निःश्वास टाकला, आणि कान काढून घेतले. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, कान लावून बसण्याचे काम अपघातानंतरचे नाही. ते पहिल्या सुरुंगापासून सुरू होते आणि बोगदा वापरात आहे तोवर संपत नाही.

पोकळीभोवतीची कमान

डोंगरात भोक पाडले असता वरचा डोंगर खाली का येत नाही, हा प्रश्न लहान मुलाच्याही मनात येतो. एक घनमीटर काळ्या कातळाचे वजन सुमारे पावणेतीन टन असते. म्हणजे बोगद्यावर शंभर मीटर कातळ असेल तर प्रत्येक चौरस मीटरावर सुमारे पावणेतीनशे टनांचा भार येतो. हा सगळा भार बोगद्याच्या आतल्या काँक्रीटच्या अस्तराने पेलावयाचा म्हटले, तर ते अस्तर कितीही जाड केले तरी पुरणार नाही.

प्रत्यक्षात हा भार अस्तर पेलत नाही, डोंगरच पेलतो. नदीच्या पात्रात मध्येच खडक आला तर पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे जाते. त्याचप्रमाणे वरचा भार पोकळीला वळसा घालून बाजूच्या कातळात उतरतो. जुन्या देवळाच्या किंवा पुलाच्या कमानीत दगडाला दगड दाबून उभा असतो, तशीच एक कमान पोकळीभोवतीच्या कातळात आपोआप तयार होते. इंजिनियराचे काम ही कमान मोडू न देण्याचे. त्यासाठी तो कातळात लांब पोलादी सळ्या रोवतो, पृष्ठभागावर काँक्रीटचा फवारा मारतो, मऊ जमीन असेल तर पोलादी कमानी उभ्या करतो.

यातील मर्म असे की, ही कमान तयार होण्यासाठी कातळाला थोडे हलावे लागते. अगदीच हलू दिले नाही तर सगळा भार आधारावर येतो. फार हलू दिले तर कातळ सैल होऊन त्याचे तुकडे पडतात. या दोहोंच्या मधली वाट शोधावयाची असते. ऑस्ट्रियाचे लाडिस्लाउस फॉन राब्त्सेविच यांनी ही दृष्टी एका पद्धतीच्या रूपाने मांडली आणि १९६४ साली तिच्यावरचे त्यांचे लेख इंग्रजीत प्रसिद्ध झाले. तीच पुढे 'नवी ऑस्ट्रियन पद्धत' या नावाने जगभर गेली. तिचा एक मूळ आधार म्हणजे मापन. बोगदा किती हलतो हे रोज मोजावयाचे आणि त्यावरून उद्याचा आधार किती द्यावयाचा हे ठरवावयाचे. वैद्य नाडी पाहून मात्रा कमीजास्त करतो, तसाच हा प्रकार.

जुन्या काळच्या खाणकामगारांना ही गोष्ट उपकरणांशिवाय ठाऊक होती. ते आधाराला लाकडी खांब पसंत करीत. लाकूड मोडण्यापूर्वी कुरकुरते, आणि ती कुरकुर ऐकली की माणसे बाहेर पळत. आजची सारी उपकरणे म्हणजे त्या लाकडाच्या कुरकुरीचीच सुधारलेली रूपे आहेत.

काय मोजतात आणि कसे

सर्वांत साधे मापन म्हणजे समोरासमोरच्या भिंती किती जवळ आल्या हे पाहणे. भिंतींत आणि छतात खुंट्या बसवितात आणि त्यांच्यामधले अंतर ताणलेल्या पोलादी फितीने मोजतात. हल्ली खुंट्यांऐवजी प्रकाश परावर्तित करणाऱ्या चकत्या लावतात आणि दुर्बिणीसारख्या यंत्राने दुरूनच त्यांची जागा मिलिमीटरपर्यंत टिपतात.

परंतु भिंत सरकली एवढे कळून भागत नाही. कातळ किती खोलवर सैल झाला आहे हेही पाहावे लागते. त्यासाठी भिंतीत भोक पाडून वेगवेगळ्या खोलीवर सळ्यांची टोके घट्ट बसवितात. पृष्ठभाग हलला पण दोन मीटरांवरची सळई स्थिर आहे, तर दुखणे कातडीपुरते आहे. सहा मीटरांवरचीही सरकू लागली, तर ते हाडापर्यंत गेले आहे असे समजावे. अस्तरावर किती दाब येतो हे मोजण्यासाठी अस्तर आणि कातळ यांच्यामध्ये तेलाने भरलेल्या चपट्या पोलादी उशा ठेवतात. कातळातल्या पाण्याचा दाब मोजण्याची सोय निराळी असते.

या उपकरणांपैकी पुष्कळांच्या पोटात एक ताणलेली बारीक तार असते. तंबोऱ्याची तार खुंटीने पिळली की स्वर चढतो, सैल केली की उतरतो, हे आपण मैफलीत पाहतोच. इथेही तसेच. काँक्रीटवरचा ताण बदलला की आतल्या तारेचा ताण बदलतो, विजेच्या झटक्याने ती छेडली की तिचा स्वर बदललेला आढळतो, आणि त्या स्वरावरून ताणाचा हिशेब करतात. अशी तार काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षे टिकते.

शहराखालून बोगदा जात असेल तर डोळा आतल्याइतकाच वरही ठेवावा लागतो. यंत्राने माती काढली की वरची जमीन थोडीशी खचते आणि बोगद्याच्या रेषेवर एक उथळ खोलगट पट्टा तयार होतो. संपूर्ण इमारत सारखीच दहा मिलिमीटर खाली गेली तर राहणाऱ्यास पत्ताही लागत नाही. परंतु तिचा एक कोपरा खोलगट भागात आणि दुसरा बाहेर राहिला, तर भिंतीला तडा जातो. म्हणून इमारत किती खचली यापेक्षा ती कशी वाकली आणि किती कलली हे महत्त्वाचे. त्यासाठी भिंतींवर खुणा, कल मोजणारी यंत्रे आणि तड्यांवर मापके लावतात. तड्यावर काचेची पट्टी चिकटविण्याची जुनी युक्ती तर कोणाही गवंड्याला ठाऊक असते: तडा वाढला की काच फुटते.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. पहिले माप खोदाईपूर्वीच घेतलेले असले पाहिजे. खोदाई सुरू होण्याआधी घराला कोणते तडे होते याची नोंद आणि छायाचित्रे नसतील, तर नंतर घरमालक म्हणतो सगळे तडे तुमचे, कंत्राटदार म्हणतो सगळे तडे जुने, आणि खरे काय ते कोणीच सिद्ध करू शकत नाही. बोगद्याच्या आतही हाच न्याय लागू आहे. कातळाच्या एकूण हालचालीपैकी बराच भाग, पुष्कळदा एक तृतीयांशाच्या आसपास, खोदाई त्या जागी पोहोचण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. खुंट्या बसविण्यास आणखी दोन दिवस उशीर झाला, तर उरलेल्यातला मोठा भागही निसटतो. मग वहीत हालचाल थोडी दिसते आणि सगळे आलबेल आहे असा भास होतो.

आकडा आणि त्याचे वळण

आता आकडे कसे वाचावयाचे ते पाहू. समजा, एका जागी भिंती पहिल्या दिवशी ४ मिलिमीटरांनी जवळ आल्या, दुसऱ्या दिवशी ३, तिसऱ्या दिवशी २, चौथ्या दिवशी १ आणि पाचव्या दिवशी अर्धा. एकूण साडेदहा मिलिमीटर. दुसऱ्या जागी पहिल्या दोन दिवशी एकेक मिलिमीटर, तिसऱ्या दिवशी दीड, चौथ्या दिवशी दोन आणि पाचव्या दिवशी अडीच. एकूण आठ मिलिमीटर. यांतली धोक्याची जागा कोणती? बेरीज पाहणारा पहिली म्हणेल. परंतु पहिल्या जागी वेग रोज उतरत आहे; कमान जमत आली आहे. दुसऱ्या जागी वेग रोज चढत आहे. तेथे आज रात्रीच काम थांबवून आधार वाढविला पाहिजे. तापकऱ्याच्या उशाशी बसलेली आई एका वेळच्या अंशावरून घाबरत नाही किंवा निर्धास्त होत नाही. ताप चढतो आहे की उतरतो आहे, हे ती पाहते.

म्हणून प्रत्येक मोठ्या कामावर आधीच तीन पायऱ्या ठरवितात. पहिल्या पायरीला अधिक वेळा मोजावयाचे, दुसरीला आधार वाढवावयाचा, तिसरीला काम थांबवून माणसे बाहेर काढावयाची. हे काम सुरू होण्यापूर्वी, थंड डोक्याने, कागदावर लिहून ठेवलेले असते. कारण ऐन वेळी डोके थंड राहत नाही.

मापनाने सर्व काही कळते असा माझा दावा नाही. कठीण, भेगाळ कातळात एखादा धोंडा काहीही पूर्वसूचना न देता निसटतो. आपल्या सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले आहेत आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा सापडतो. कोरडा असता तो बरा वाटतो, पाणी लागले की लोण्यासारखा होतो. म्हणून प्रत्येक सुरुंगानंतर भूगर्भतज्ज्ञाने उघड्या पडलेल्या कातळापुढे उभे राहून भेगा, थर आणि पाझर यांचे चित्र काढावे लागते. यंत्र आणि डोळा यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

वहीत होते, पण वाचले नाही

इथवर सगळे सरळ दिसते. मग अपघात का होतात? दोन उदाहरणे देतो. दोन्हींची रीतसर चौकशी झाली आहे.

पहिले लंडनचे. हीथ्रो विमानतळाखाली रेल्वेचे बोगदे मऊ चिकणमातीत, वर सांगितलेल्या ऑस्ट्रियन पद्धतीने खणले जात होते. २१ ऑक्टोबर १९९४ च्या पहाटे ते कोसळू लागले आणि वर विमानतळाच्या मध्यभागी भले मोठे खड्डे पडले. एक कार्यालयाची इमारत खचली. आतील कामगार थोडाच वेळ आधी बाहेर पडले होते, म्हणून कोणी दगावले नाही. २००० साली सरकारी सुरक्षा खात्याने चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. बोगद्याच्या तळाची काँक्रीटची उलटी कमान काही ठिकाणी पुरेशी जाड नव्हती. वरची इमारत उचलून धरण्यासाठी जमिनीत दाबाने सिमेंटचे मिश्रण भरले, त्याने खालचे अस्तर दुखावले. ते दुरुस्त केले. आणि त्या दुखावलेल्या बोगद्याच्या शेजारीच दुसरा बोगदा खणणे चालू ठेवले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तेथे मापने घेतली जात होती आणि बोगदा हलत असल्याची चिन्हे त्या आकड्यांत बरीच आधी उमटली होती. ते आकडे एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावणे आणि त्यावरून काम थांबविणे, हे घडले नाही. १९९९ साली न्यायालयाने कंत्राटदार आणि त्याचे तज्ज्ञ सल्लागार यांना मिळून सतरा लाख पौंड दंड केला. नाडी पाहिली होती, वहीत लिहिलीही होती. वैद्याने वही उघडली नाही.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे, आणि ते याहून दुःखाचे. तेथे मेट्रोसाठी वरून खोल चर खणून त्यात बोगदा बांधावयाचा आणि मग माती लोटावयाची, अशा पद्धतीने काम चालू होते. जमीन समुद्रकाठची मऊ चिकणमाती. चराच्या दोन्ही भिंती पोलादी तुळयांनी परस्परांपासून दूर रेटून धरल्या होत्या. २० एप्रिल २००४ रोजी दुपारी या तुळया कोलमडल्या, निकोल हायवे या रस्त्याचा भाग आत गेला, आणि चार माणसे मेली. त्यांत एक फोरमन होता. आपल्या हाताखालच्या माणसांना वर काढण्यात गुंतलेला तो स्वतः मात्र वर येऊ शकला नाही.

चौकशीत हिशेबाच्या चुका निघाल्या, तुळयांचे जोड कमकुवत निघाले. पण त्याखेरीज असे आढळले की, भिंतींची हालचाल आधी ठरविलेल्या हद्दीपलीकडे गेली होती. तेव्हा काय केले? पुन्हा हिशेब मांडून हद्दच वाढविली. नव्या हद्दीत जुनी हालचाल बसली आणि काम पुढे चालले.

बंधुभगिनींनो, हीथ्रोपेक्षा हा रोग अधिक खोल आहे, कारण येथे वही उघडलेली होती. पुराच्या वेळी नदीकाठच्या खांबावरील धोक्याची खूण पाण्याखाली गेली, म्हणून कोणी ती खूण पुसून दोन हात वर काढीत नाही. मोठ्या कामात मात्र हे घडते, आणि ते करणारी माणसे दुष्ट असतात असे नाही. काम लांबलेले असते, रोजचा खर्च चालू असतो, वरून विचारणा येत असते, आणि कालपर्यंत काही झाले नाही म्हणून आजही होणार नाही असे मन सांगत असते. हद्द कधीच बदलू नये असे मी म्हणत नाही. कित्येकदा ती मुळात चुकीची ठरविलेली असते. परंतु ती ज्याला पुढे जाण्याची घाई आहे त्याने बदलू नये. ज्याला घाई नाही अशा स्वतंत्र माणसाने, कारणे लिहून, बदलावी. आणि ती बदलेपर्यंत माणसे बाहेर असावीत.

उद्घाटनानंतर

बोगदा पुरा झाला, फीत कापली, गाड्या धावू लागल्या की लोकांच्या मनातून हा विषय जातो. डोंगराच्या मनातून तो जात नाही. काँक्रीट म्हातारे होते, पोलाद गंजते, आणि पाणी आपला मार्ग शोधीतच राहते.

जपानमधील सासागो बोगदा १९७७ साली वाहतुकीस खुला झाला. लांबी सुमारे पावणेपाच किलोमीटर. हवा खेळती राहावी म्हणून त्यात काँक्रीटच्या फळ्यांचे खोटे छत टांगलेले होते. वरच्या अस्तरात भोके पाडून, डिंकासारख्या रसायनाने बोल्ट चिकटवून, त्यांना हे छत अडकविले होते. २ डिसेंबर २०१२ रोजी या फळ्या शंभर मीटरांहून अधिक लांबीवर एकामागून एक खाली आल्या आणि मोटारींतील नऊ माणसे प्राणास मुकली. डोंगर जागचा हलला नव्हता. पस्तीस वर्षांत चिकटवण अशक्त झाली होती.

ते बोल्ट उंचावर होते. हातोडीने ठोकून पाहावयाचे तर वर चढावे लागे, आणि २००० सालानंतर तशी ठोकणी झालीच नव्हती. दुरून नजर टाकून तपासणी उरकली जात होती. बाजारात माठ घेताना आपल्या घरची बाई तो बोटाने वाजवून पाहते. पक्का असेल तर ठण्‌ वाजतो, चिरलेला असेल तर बद्द. सासागोला नऊ माणसांचे प्राण ज्या परीक्षेअभावी गेले ती परीक्षा इतकी साधी होती. पुढे २०१४ पासून जपानने असा नियम केला की प्रत्येक बोगदा पाच वर्षांतून एकदा, हात पोहोचेल इतक्या जवळून, पाहिलाच पाहिजे.

दुसरा शत्रू पाणी. कोकण रेल्वेवरील गोव्यातील पेडण्याचा बोगदा मऊ मातीतून गेलेला आहे. तो खणताना माती वारंवार आत येई. याच टापूतील अडचणींमुळे कोकण रेल्वेचे काम रखडले, आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. ६ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन पावसाळ्यात, या बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढा अशा वळविल्या गेल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून वाहतूक पुन्हा बंद पडली. बावीस आणि सव्वीस वर्षांनंतरही ती जमीन आपले जुने वळण विसरलेली नाही. ज्या जागेने खणताना त्रास दिला, ती जागा वापराच्या काळातही डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. म्हणून खोदाईच्या वेळच्या वह्या काम संपल्यावर रद्दीत न घालता देखभाल करणाऱ्यांच्या स्वाधीन कराव्या लागतात.

पाणी वाचण्याचीही एक रीत आहे. बोगद्यात स्वच्छ पाणी ठिबकणे हे पुष्कळदा साधे पडसे असते. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर ते अस्तरामागची माती धुऊन आणीत आहे आणि मागे पोकळी होत आहे असे समजावे. नेहमीचा पाझर एकाएकी बंद झाला तरी तपास करावा, कारण मागची गटारे चुन्याच्या थराने तुंबून पाण्याचा दाब वाढत असण्याचा संभव असतो.

आज या कामी नवी साधने आली आहेत. लेसरचा किरण फिरवून बोगद्याच्या संपूर्ण पृष्ठभागाचा नकाशा काही तासांत घेतात आणि मागच्या वर्षीच्या नकाशावर ठेवून फरक पाहतात. अस्तरात घातलेला काचेचा धागा लांबवर कोठे ताण वाढला ते सांगतो. ही साधने अवश्य घ्यावीत. परंतु पावसाळ्याच्या रात्री कंदील नाही तर विजेरी घेऊन रुळांवरून चालणारा गस्तवाला, त्याच्या कानाची आणि हातोडीची जागा अजून कोणत्याही यंत्राने पुरती घेतलेली नाही. लेसरला अस्तराचा पृष्ठभाग दिसतो. त्यामागे पोकळ आहे की भरीव, हे ठोकल्यावर कळते.

आपण काय विचारावे

आपण नागरिक मंडळी बोगदे खणत नाही. परंतु ते आपल्या पैशाने आणि आपल्या घराखाली खणले जातात, म्हणून काही प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आपल्या भागात असे काम निघाले तर 'यंत्रे लावली आहेत ना?' एवढे विचारून परत फिरू नका. यंत्रे लावलेलीच असतात. हीथ्रोलाही होती, सिंगापूरलाही होती. विचारावयाचे ते असे: खोदाईपूर्वी आमच्या घराची नोंद केली काय, आणि तिची प्रत आम्हांस मिळेल काय? रोजची मापने कोण वाचतो, आणि किती तासांत? काम थांबविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्या वाचणाऱ्याला आहे काय, की त्याला तो वरून मागावा लागतो? हद्द बदलावयाची झाल्यास ती कोण बदलतो? आणि काम संपल्यावर पाच, दहा, वीस वर्षांनी हा बोगदा ठोकून पाहण्यासाठी पैसा आणि माणसे यांची तरतूद कोठे लिहिलेली आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. नवा बोगदा खणण्यास पैसा मिळतो, कारण त्याचे उद्घाटन होते. हातोडी घेऊन बोल्ट वाजविणाऱ्या माणसाच्या पगाराचे उद्घाटन कोणी करीत नाही. त्याने काम नीट केले तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही म्हणून त्याची गरज काय, असा उलटा हिशेब पुढच्या अंदाजपत्रकात मांडला जातो. या माणसाची बाजू घेणारा कोणी असेल, तर तो बोगद्यातून रोज जाणारा प्रवासीच असू शकतो.

डोंगर सहसा मुकाट्याने पडत नाही. तो आधी मिलिमीटरांच्या भाषेत बोलतो. ती भाषा लिहून घेण्याची विद्या माणसाने हस्तगत केली आहे. ती वाचण्याची शिस्त, आणि वाचल्यावर थांबण्याचे धैर्य, यांची मात्र प्रत्येक कामावर नव्याने तजवीज करावी लागते. त्या एका तजविजीवर आत काम करणाऱ्या मजुराचे प्राण अवलंबून असतात.